कुठला बंद पडला?

“कुठला बंद पडला?”

हे ताडकन उठून उभे राहिले आणि असे ओरडले, की डोळे मिटून बसलेली सगळी माणसं दचकली. मगदूम आप्पांच्या मांडीवरचा कानटोपा खाली पडला. पुढच्या सतरंजीवरची एक बाई ‘अगं बया’ म्हणून छातीला हात लावून बसली. आणि आमचे हे एका हातानं लेंगा सावरत, दुसऱ्या हातानं अंधारात काहीतरी चाचपत उभे. पायाला मुंग्या आलेल्या, त्यामुळं उभं राहणंही धड जमेना.

“अहो, बसा,” मी खालून त्यांचा सदरा ओढला. “इथं काही बंद पडलं नाही. इथं काही चालूच नव्हतं.”

समोर पाटावर शेडबाळे बाई बसल्या होत्या. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर हिवाळ्यात पहाटे ध्यानाचा वर्ग घ्यायच्या, नदीच्या वाटेवरच्या एका मंगल कार्यालयात, वरच्या मजल्यावर. आधी थोडा वेळ कॅसेटवर तानपुरा लावायच्या, मग हळूच तो बंद करायच्या आणि म्हणायच्या, “आता फक्त शांतता ऐका.” आज पहिलाच दिवस. त्यांनी तानपुरा बंद केला आणि यांनी उडी मारली.

“काय झालं, मामा?” बाईंनी अगदी सावकाश विचारलं.

“काय न्हाई, बाई. एकदम शांत झालं.”

“मग?”

“शांत झालं म्हणून तर उठलो की.”

सगळा वर्ग हसला. हे पण ओशाळून हसले आणि भिंतीला टेकून खाली बसले. मी मात्र हसले नाही.

आता या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. आमचं गाव इचलकरंजी. तिथल्या माणसाला शांततेची भीती का वाटते, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. तरी सांगते. आमच्याकडं मूल जन्माला येतं तेच यंत्रमागांच्या आवाजात. खडाक-खट, खडाक-खट, दिवसरात्र. आमच्या घराची मागची भिंत म्हणजे कारखान्याची भिंत, आणि पलीकडं आठ माग. माहेराहून नवी आले तेव्हा दोन दिवस डोकं ठणकलं, मग तो आवाज यायचाच बंद झाला. म्हणजे आवाज होताच, कानाला कळेनासा झाला. कळायचं ते फक्त त्याचं थांबणं. धागा तुटला किंवा कांडीवरचं सूत संपलं, की माग आपोआप उभा राहतो. आठांतला एक जरी थांबला तरी यांना भिंतीअलीकडं बसून कळायचं, आणि कितवा थांबला तेही कळायचं. हातातला घास ताटात टाकून उठायचे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात, एकदा कधी नव्हे ते माझ्याशी गोड बोलत बसले होते, तर मध्येच “तिसरा बंद पडला,” म्हणून उठून गेले ते गेलेच. मी मनात म्हटलं, शालन, तुला एक नाही, आठ सवती आहेत बघ.

तर असा माणूस. तिशी-चाळिशी अशी गेली, पन्नाशीही गेली. आणि मग कारखान्यातच, सूत भरलेला धोटा हातात असताना, छातीत कळ येऊन पडले.

वाचले. पण डॉक्टरांनी सांगितलं, धूळ बंद, आवाज बंद, जागरण बंद. आम्हाला एकच मुलगी, वैजयंता, ती जयसिंगपूरला दिलेली. माग बघणार कोण? खाटेवर पडल्या पडल्या हेच म्हणाले, “विका.” एका दुपारी टेम्पो आला. हे उंबऱ्यात बसून बघत राहिले. कोणाला काही बोलले नाहीत, फक्त शेवटचा माग चढवताना “जरा सांभाळून, त्याचा पाय कच्चा हाय,” एवढंच म्हणाले. टेम्पो गेला आणि भिंतीपलीकडं सगळं चिडीचूप झालं.

त्या दिवसापासून यांची झोप गेली.

नुसती कमी झाली असती तर मी एवढी घाबरले नसते. डोळ्याला डोळाच लागेना. जरा गुंगी आली की दचकून उठायचे, “कुठला बंद पडला?” काय सांगणार? सगळेच बंद पडलेले. गोळ्यांनी झोप यायची नाही, नुसती चक्कर यायची. डोळ्यांखाली काळं झालं, हात थरथरायला लागले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “वहिनी, स्पष्ट सांगतो. झोप आली नाही तर हे हृदय सावरणार नाही. गोळ्या किती वाढवू? मन शांत होईल असं काहीतरी बघा.”

यांनी मात्र आपलं औषध स्वतःच शोधलं होतं.

“हावळांच्या कारखान्यात रात्रपाळीला जातो,” एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले. “तिथला धोंडिराम घेतो म्हणालाय. जड काम न्हाई देणार. आवाजात उभं राह्यलं तरी बरं वाटंल मला.”

“उभ्या उभ्या बरं वाटून मरायचंय का?”

“हितं पडून मरतोयच की.”

असं बोलल्यावर माणसानं काय करावं? मी भांडले, रडले, वैजूला बोलावून घेतलं. तिचंही काही चाललं नाही. शेवटी शेडबाळे बाईंच्या वर्गाचं कुणीतरी सुचवलं आणि मी यांच्याशी सौदा केला. संक्रांतीपर्यंत माझ्याबरोबर ध्यानाला यायचं. तोवर झोप आली नाही, तर जावा हावळांकडं, मी आडवी येणार नाही.

“शब्द?”

“शब्द.”

शब्द दिला खरा. पण संक्रांत काही फार लांब नव्हती.

मग आमचं पहाटेचं जाणं सुरू झालं. पंचगंगेवरून धुकं यायचं ते गल्लीत शिरून बसायचं. समोरचं माणूस चार पावलांवर आलं तरी ओळखायचं नाही. त्या धुक्यात लांबच्या गल्ल्यांतले माग ऐकू यायचे, पण असे, की पाण्याखाली कुठंतरी चाललेत. हे शाल गुंडाळून माझ्यापुढं चालायचे आणि मध्येच थांबून कान द्यायचे. “हा मुसळ्यांचा कारखाना. एका मागाचा पट्टा ढिला हाय त्यांचा,” असं म्हणायचे आणि पुढं चालू लागायचे. मला कधी कधी वाटायचं, आम्ही दोघं अजून अंथरुणातच आहोत आणि हे चालणं मला स्वप्नात दिसतंय.

कार्यालयात सगळ्यांचे डोळे मिटले की मी माझा एक मिटायची. दुसरा यांच्यावर. छाती हलतेय का, ओठ काळे पडलेत का, कपाळावर घाम आहे का. तानपुरा बंद होण्याआधी मी माझा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवायची, म्हणजे उडी मारली तर दाबून बसवता येईल. तरी ते उडायचेच. पूर्वीसारखे उभे राहायचे नाहीत, बसल्या जागी दचकायचे आणि मग कसनुसं हसून माझ्याकडं बघायचे.

बाईंच्या नजरेतून काही सुटायचं नाही. एकदा वर्ग संपल्यावर त्यांनी मला थांबवलं.

“शालनताई, तुम्ही ध्यान करता की राखण?”

“राखण,” मी सरळ सांगून टाकलं.

“त्यांची राखण त्यांचा श्वास करतोय. तुम्ही तुमचा बघा की.”

“माझ्या श्वासाला काय धाड भरलीय? तो धड आहे.”

बाई हसल्या. रागावल्या नाहीत. “बघितल्यावर कळेल धड आहे का ते,” म्हणाल्या आणि पाट उचलून कोपऱ्यात ठेवायला गेल्या.

घरीही माझी तीच गत. रात्री हे आढ्याकडं बघत पडायचे. आपण टक्क जागं राहिलो तर यांना अपराधी वाटायचं, म्हणून मी कूस वळवून डोळे मिटून घ्यायची, श्वाससुद्धा झोपेतल्यासारखा संथ घ्यायची. वाटायचं, बायको निवांत झोपलीय असं बघून तरी यांना झोप येईल. कान मात्र त्यांच्याकडं. म्हणजे बघा, वर्गात मी ध्यानाचं सोंग करायची आणि घरी झोपेचं. दोन्हीकडं जागीच.

एकदा परत येताना मी विचारलं, “डोळे मिटल्यावर तुम्हाला काय दिसतं हो?”

हे चालता चालता थांबले. मग म्हणाले, “पाणी दिसतं. लांबच्या लांब. आणि खाली तळाला आपले माग. आठच्या आठ चाललेत, पर आवाज न्हाई. मी वाकून बघतोय. कापड निघतंय, पांढरं, आणि ते वर वर तरंगत यायला लागलंय.”

“मग?”

“मग मी म्हणतो, आवाज न्हाई म्हंजे कुठंतरी बिघडलंय. आणि जागा होतो.”

मी त्यांचा हात धरला. रस्त्यात, लोकांच्या देखत. धुकं होतं म्हणून धरला.

पौषातले दिवस जात राहिले आणि झोपेचा पत्ता नव्हता. तेव्हा मला एक अक्कल सुचली. बाई रोज सांगायच्या, श्वास आत येतो, बाहेर जातो, त्याच्याकडं बघा. मी म्हटलं, अरे, ये-जा म्हणजे आमच्याकडं काय असतं? धोटा! एका बाजूनं जातो, दुसऱ्या बाजूनं येतो, पोटात सूत घेऊन. तिथं कार्यालयाच्या जिन्यातच मी यांना थांबवलं.

“अहो, ऐका. श्वासाला धोटा समजा. आत गेला, बाहेर आला. बास. त्याच्याकडंच लक्ष ठेवा.”

यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. “हे बेस हाय,” म्हणाले. “हे जमंल मला.”

आणि जमलं! बाईंनी तानपुरा बंद केला आणि हे हलले नाहीत. माझ्या जिवात जीव आला. मी मनात स्वतःची पाठ थोपटून घेते न घेते तोच, मला फुसफुस ऐकू यायला लागली. फुस्-फुस्, फुस्-फुस्, फुस्-फुस्. भाता मारल्यासारखी. डोळा फिरवून बघते तर काय, यांचा सदरा छातीवर नुसता लटालटा उडतोय. अहो, मी धोटा म्हटलं खरं, पण या माणसानं आयुष्यभर बघितलेला धोटा यंत्रमागाचा! तो डोळ्याला दिसत सुद्धा नाही एवढ्या वेगानं धावतो. आणि हे त्या वेगानं श्वास घ्यायला लागले होते.

“अहो! अहो, हळू!”

हळू कुठलं? यांनी डोळे पांढरे केले आणि आडवे झाले.

एकच गोंधळ उडाला. कुणी पाणी आणलं, मगदूम आप्पा आपला कानटोपा घेऊन वारा घालायला लागले, कुणीतरी रिक्षा बोलवायला पळालं. मी यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. एकट्या बाईंनी शांतपणे त्यांची मान सरळ केली, तोंडावर पाणी मारलं आणि नाडी धरून बसल्या. थोड्या वेळानं यांनी डोळे उघडले.

“काय झालं, मामा?”

“पट्टा तुटला जणू,” हे म्हणाले.

नंतर सगळं समजल्यावर बाईंनी कपाळाला हात लावला. “मामा, श्वासाला कुठं न्यायचं नसतं. तो आपला आपण येतो-जातो. तुम्ही नुसतं बसा. धोटा नको, माग नको, काही नको. आणि शालनताई, तुम्ही शिकवू नका, बाई. हात जोडते.”

रिक्षातून आम्ही घरी आलो. दारात उतरल्यावर हे म्हणाले, “बास झालं हे. मला न्हाई जमायचं. चार माणसांत हसं हुतंय. आज धोंडिरामला सांगून येतो. संक्रांत झाली की येतो म्हणून.”

आणि सांगून आले. परत आले तेव्हा चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान होतं. मला वाटलं, जत्रेला निघालेलं पोर असतं ना, तसा हा माणूस मरायला निघालाय.

भोगीच्या पहाटे मी उठून चूल पेटवली नाही, पाणी तापवलं नाही. शाल घेतली आणि यांच्या अंथरुणाजवळ जाऊन बसले. हे जागेच होते.

“आज वर्गाचा शेवटचा दिवस आहे,” मी म्हटलं.

“हूं.”

“चला.”

“कशाला आता?”

“मी म्हणते म्हणून. उद्यापासून मी काही म्हणणार नाही.”

हे माझ्याकडं बघत राहिले. मग उठून बसले आणि कोपरी चढवत म्हणाले, “तू म्हणतीस म्हणूनच जात हुतो की. माझं काय काम हुतं तिथं?”

त्या दिवशी धुकं असं होतं, की कार्यालयाच्या खिडकीला बाहेरून कुणी पांढरा कपडा ताणून लावलाय असं वाटत होतं. आत एक मंद दिवा. सगळी मंडळी आपापल्या जागी बसली. हे भिंतीला टेकले, मी शेजारी. बाईंनी तानपुरा लावला. खालून, लांबून, गावातल्या मागांची घरघर येतच होती. ती एरवी वर्गात कानाला कळायचीही नाही, पण मी त्या दिवशी सगळंच ऐकत होते. उद्या हा माणूस त्या घरघरीत जाणार, आणि मग एक दिवस मला कुणीतरी बोलवायला येणार. हावळांच्याकडचं कोण येईल, ते दारात येऊन काय म्हणेल, हे सुद्धा मला दिसायला लागलं होतं.

आणि वीज गेली.

दिवा गेला, तानपुरा मध्येच तुटला. तेवढंच नाही. साऱ्या गावाची वीज गेली. लांबची घरघर एकदम बसली. एक माग नाही, दोन नाही, गावातले हजारो माग एका दमात उभे राहिले. कुत्रंसुद्धा भुंकेना. मी जन्मात असली शांतता ऐकली नव्हती.

मी यांच्या गुडघ्यावर हात दाबून धरला आणि वाट बघत राहिले. आता उठतील, आता ओरडतील.

हे उठले नाहीत.

खिडकीतून पांढुरका उजेड येत होता, त्यात मी डोळे फाडून यांच्याकडं बघितलं. डोकं भिंतीला टेकलेलं. तोंड किंचित उघडं. शालीखाली छाती हलतेय का, कळेना. मी वाकले, आणखी वाकले. हलतेय असं वाटायचं आणि लगेच वाटायचं, नाही, ही आपलीच मान हलली. बाईंकडं बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले. सगळ्यांचे मिटलेले. त्या एवढ्या मोठ्या दालनात मी एकटी जागी.

हलवून बघू? नुसता खांदा हलवायचा, ‘अहो’ म्हणायचं. जिवंत असतील तर डोळे उघडतील. पण जिवंत असतील, तर आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस शांततेत बसला आहे, आणि मी ती मोडणार. पुन्हा अशी वेळ येणार नाही. आज भोगी. आणि नसतील, तर हलवून तरी काय होणार?

माझा हात त्यांच्या नाकाजवळ गेला होता. तो तसाच हवेत राहिला. किती वेळ, देवाला माहीत. मग तो दुखायला लागला. आणि हात दुखतोय हे कळल्यावर मला एकदम कळलं, की माझं सगळंच दुखतंय. मान, पाठ, डोळे. टेम्पो गेला त्या दिवसापासून मी पापणी टेकवली नव्हती. मी हात खाली घेतला. मनात म्हटलं, देवा, मी दमले. आता तू बघ.

आणि माझे दोन्ही डोळे मिटले. मिटले म्हणजे मी मिटले नाहीत, ते आपले आपण मिटले.

आधी अंधार होता. मग त्यात काहीतरी पांढरं तरंगायला लागलं. कापसाचे तंतू. कारखान्यात कवडशात उडतात ना, तसे, पण कसे, अगदी सावकाश. वर जात होते आणि खाली येत होते. कुणी त्यांना ढकलत नव्हतं. मी त्यांच्याकडं बघत राहिले आणि मला कळलं, मी श्वास घेतला की ते वर जातात, सोडला की खाली येतात. मग तेही विरले. नदी आली. माझ्या माहेरची, नुसती पायापुरती. मी पाण्यात उभी आहे, लुगडं भिजलंय, आणि कुणी मला हाक मारत नाही. कुणाचं काही राहिलेलं नाही. ताट वाढायचं नाही, औषध द्यायचं नाही, कान द्यायचा नाही. यांचीही आठवण नव्हती मला. खोटं कशाला बोलू? त्या वेळी मी कुणाची कोण नव्हते, आणि मला इतकं बरं वाटत होतं, की रडू येत होतं.

त्या पाण्यापलीकडून एक आवाज यायला लागला. घर्र. थांबायचा. पुन्हा घर्र. मला वाटलं, वीज आली, कुठंतरी माग लागला. मग वाटलं, माग असा कसा चालेल, एवढा सावकाश? आणि मी डोळे उघडले.

हे घोरत होते.

अहो, चांगले घोरत होते! तोंड उघडं टाकून, मान एका बाजूला कलंडून, जसे पूर्वी मागांच्या आवाजात घोरायचे तसे. दालन निम्मं उजळलं होतं. सगळी मंडळी डोळे उघडून आमच्याकडं बघत होती. मगदूम आप्पा तोंडाला रुमाल लावून हसत होते. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि हातानंच सगळ्यांना खूण केली. एकेक माणूस उठलं. वहाणा हातात घेऊन, चवड्यांवर चालत, सगळा वर्ग जिन्यानं खाली गेला. पुढच्या सतरंजीवरच्या त्या बाईनं जाता जाता आपली शाल यांच्या पायांवर घातली. शेवटी बाई गेल्या. त्यांनी दार नुसतं लोटून घेतलं.

मी तिथंच बसून राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही सुचलं नाही. गावात वीज आली, माग पुन्हा धडधडायला लागले. धुकं गेलं. ऊन आत आलं, यांच्या पायांवरून सरकत गुडघ्यापर्यंत आलं. खाली कार्यालयाचे लोक भांडी घासत होते, एकमेकांना हाका मारत होते. हे ढिम्म हलले नाहीत.

जागे झाले तेव्हा ऊन थेट तोंडावर आलं होतं. डोळे किलकिले करून आधी छताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“आयला,” म्हणाले, “दिवस वर आला की. लई झोपलो का गं?”

“लई.”

“रडतीस कशाला मग?”

मी पदर तोंडाला लावला. यांनी पाय सरळ केले, मस्त आळस दिला. किती महिन्यांनी मी त्यांना आळस देताना बघत होते.

“वीज गेली, ते कळलं बघ मला,” म्हणाले. “सगळं एकदम थांबलं. मी म्हटलं, मेलो. उठणारच हुतो. मग जरासा डोळा उघडून बघितलं, तर तू. अशी टक लावून बसलेली, माझ्यावर नजर ठेवून. म्हटलं, ही जागी हाय. ही बघतीय सगळं. मग आपण कशाला उठायचं? आणि जे पडलो, ते आत्ताच उठलो.”

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. “आणि घरी? घरी का नाही झोपत?”

“घरी तू ढाराढूर झोपतीस,” हे म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, सहज बोलले. “दिवसभर राबून दमतीस, म्हणून मी उठवत न्हाई. पर मग कुणीतरी जागं पायजे का नको?”

इतक्या रात्री मी भिंतीकडं तोंड करून, श्वास मोजूनमापून घेत, जागी पडले होते. एकदा नुसतं वळून बघितलं असतं, तरी या माणसाला झोप लागली असती.

“हावळांकडं कधी जायचंय?” मी विचारलं.

“बघू. आज भाकरी खाऊन आणि एकदा झोपतो म्हणतोय. अंग लई हलकं झालंय.”

ते ‘बघू’ तसंच राहिलं. हे पुढं पुष्कळ वर्षं जगले, आणि आमच्या घरात आधी ते झोपायचे, मग मी.

यांनी भिंतीला हात टेकून उठायला सुरुवात केली. मी आधार द्यायला गेले, तर माझ्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर थांबले.

“शालन, मी झोपल्यावर बी जागीच हुतीस न्हवं? शेवटपातूर?”

“होते की,” मी म्हटलं. “पापणीसुद्धा लवली नाही माझी.”